तेविसावं नाव

१

त्या रविवारी बाबांनी भरिताची वांगी स्वतः भाजली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलेलं. तरी पऱ्हाट्यांचा जाळ करून ते अंगणात उकिडवे बसले आणि वांगं कधी उलटायचं ते वासावर ठरवत राहिले. आई म्हणाली, हात भाजून घ्याल आणि उद्या समितीपुढे तोच पुरावा म्हणून दाखवाल. बाबा हसले. जळगावच्या आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस, १२ जानेवारी २०२५.

मी आदल्या रात्री नाशिकहून आले होते. तिथल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. बाबा, म्हणजे प्रा. आधार तायडे, एकतीस वर्षं हिशेबशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, पण अभ्यास थांबला नव्हता. वर्ष संपताना कंपन्या नफा कसा सजवतात, हा त्यांचा विषय. लेखात ते त्याला अर्निंग्ज मॅनेजमेंट म्हणत. घरी म्हणत, ‘मार्चची रांगोळी’.

त्यांची पद्धत अगदी साधी होती. सगळे संशोधक ताळेबंद बघतात. बाबा विचारायचे, माल उचलला कोणी? कागदावर कापसाची गाठ हलवायला पेन पुरतं. जिनमधली पावणेदोनशे किलोची गाठ हलवायला माणसं लागतात.

शुभ्रधारा कॉटन ही धुळ्याची कंपनी, शेअरबाजारात नोंदलेली. जिनिंगचा कारखाना शिरपूरला. मार्च २०२४ मध्ये, अठरा ते अठ्ठावीस तारखांत, तिने चार हजार गाठी विकून रवाना केल्याचं दाखवलं होतं. तेवढ्यावर वर्षाचा तोटा नफ्यात गेला. पण शिरपूरचे हमाल सगळे सातपुड्यातले पावरा आदिवासी, आणि त्या वर्षी होळी चोवीस मार्चला होती. होळीआधी त्यांचे भोंगऱ्या बाजार भरतात, होळीनंतरही काही दिवस सण चालतो. त्या दिवसांत एकही माणूस जिनमध्ये राहत नाही. मुकादम तोतारामची हजेरीची वही बाबांनी मिळवली होती. त्या अकरा दिवसांत तिच्यात एकही हजेरी नव्हती. मग चाळीस ट्रक भरले कोणी?

धुळ्याच्या तापीकाठ वाणिज्य परिषदेच्या नियतकालिकाकडे लेख गेला. कंपनीने तक्रार केली की वही बनावट आहे. सोमवारी परिषदेच्या समितीपुढे सुनावणी होती.

संध्याकाळी बाबांनी लाल कापडी पुठ्ठ्याची ती वही माझ्या हातात दिली. म्हणाले, पानं सगळी आहेत ना बघ, मला आता रेघा दिसत नाहीत. मी वही उघडली, चाळली, मिटली.

‘‘आहेत,’’ मी म्हणाले.

त्यांनी पुठ्ठ्यावरून तळवा फिरवला, कोपऱ्यावरच्या जुन्या तेलाच्या डागापाशी बोट थांबवलं आणि वही पिशवीत ठेवली. मग विचारलं, ‘‘तुला काय वाटतं गं?’’

मी म्हणाले, सकाळी गारठा असतो, स्वेटर घालून जा.

सोमवारी दुपारी धुळ्याहून परतताना पारोळ्याच्या पुढे, एसटीत खिडकीशी बसल्याबसल्या ते गेले. एरंडोलला तिकीट तपासनीस चढला तेव्हा कळलं.

२

जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने समितीचा अहवाल आला. परिषदेच्या फलकावर एकच ओळ लागली होती: प्रा. तायडे यांचा लेख बनावट पुराव्यामुळे नाकारला आहे. कारणं फक्त लेखकाच्या प्रतीत होती. लेखक आता नव्हता, म्हणून ती मी वाचली.

कारणं दोन. पहिलं, वहीचा कागद. त्या आखणीच्या वह्या धुळ्याच्या दुकानदाराकडे २०२४ च्या दिवाळीला, वहीपूजनाच्या वेळी प्रथम आल्या. हजेरी मात्र त्याआधीच्या मार्चची. म्हणजे ती नंतर लिहिली. दुसरं, वहीत बावीस हमालांची नावं होती, लेखात तेवीस. ‘लेखकास स्वतःच्या बनावट पुराव्याची संख्याही सांभाळता आली नाही,’ असं वाक्य होतं. ते मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं.

खाली बारीक अक्षरात होतं: साठ दिवसांत वारसास फेरविचार मागता येईल.

लोक भेटायला येत आणि म्हणत, झालं गेलं, त्यांच्या आत्म्याला शांती मिळू दे. आम्ही बौद्ध, आत्मा मानत नाही. आणि मला शांती नको होती. बाबांना ज्या खुर्चीत बसवून खोटारडा म्हटलं, त्याच खुर्चीत त्या माणसाला बसलेलं बघायचं होतं, ज्याने हे केलं. त्याला पाणी विचारायचं नाही, मध्ये थांबायचं नाही. त्याचा आवाज कसा कापतो ते ऐकायचं होतं.

कारण कोणीतरी केलं होतं, हे मला ठाऊक होतं. इथे मला एक गोष्ट लिहिली पाहिजे, जी मी तोवर कोणालाही सांगितली नव्हती. त्या रविवारी वही चाळताना मला दिसलं होतं. जुना पुठ्ठा आणि आत कोरी करकरीत पानं. शिलाईचा दोरा पांढराशुभ्र. बांधणी उसवून पुन्हा केलेली. वर्षाला चारशे पुस्तकं बांधून घेणारी बाई मी, मला ते दिसणार नाही? दिसलं, आणि मी ‘आहेत’ म्हणाले. कारण क्षणभर, एकच क्षण, मला वाटलं होतं की हे बाबांनीच केलंय.

ते गेल्यावर कळलं की तसं असूच शकत नाही. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी कोण चाळीस पानं लिहील? आणि लिहवून घेतली असती, तर पानं मोजायला माझ्या हातात कशाला दिली असती? त्यांना फक्त पुठ्ठा कळत होता, स्पर्शाने. ज्याने हे केलं त्यालाही ते माहीत होतं.

बाबा कुठलीही वस्तू उसनी देताना एका छोट्या डायरीत लिहीत. ‘लाल वही’पुढे तीन नोंदी होत्या:

रविंद्र, ९ ते १६ नोव्हेंबर.
सुलक्षणा, ५ ते ९ डिसेंबर.
नवीन, २० डिसेंबर, घरीच, अर्धा तास.

तिघेही बाबांच्या अंत्ययात्रेला आले होते.

३

रविंद्रदादा बाबांचा पीएच.डी.चा विद्यार्थी, धुळ्यात प्राध्यापक, आणि त्या लेखाचा सहलेखक. निदान सुनावणीच्या दोन दिवस आधीपर्यंत होता. दोन दिवस आधी त्याने पत्र देऊन आपलं नाव काढून घेतलं होतं.

मी त्याच्या घरी गेले तेव्हा त्याने चहा ठेवला, साखर टाकायला विसरला, आणि तसाच प्यायला. मी पत्राबद्दल विचारलं. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला की त्याची नोकरी अजून कायम झालेली नाही, संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला होता, घरावर कर्ज आहे. सरांना त्याने स्वतः फोन करून सांगितलं होतं. सर म्हणाले, बरं केलंस.

‘‘शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, समीक्षा,’’ तो म्हणाला.

मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटत होतं. त्याऐवजी मी ठरवून आणलेला एकच प्रश्न विचारला. वही तुझ्याकडे होती तेव्हा तिच्यात माणसं किती होती?

‘‘तेवीस. बावीस हमाल आणि झुंबरबाई.’’

झुंबरबाई कोण, ते त्याने सांगितलं. हमालांच्या टोळीतली एकटी बाई. गाठी उचलत नाही. सांडलेला कापूस गोळा करते, गाठींना खुणा करते, अर्धी मजुरी घेते. शिरपूरला जाऊन तिची माहिती त्यानेच काढली होती. सर खूश झाले होते, कारण खूण नसलेली गाठ जिनच्या फाटकाबाहेर जात नाही. हमाल बाहेरचे आणता येतील, झुंबरबाई कुठून आणणार? लेखातला सगळ्यात पक्का पुरावा तीच, असं सर म्हणत.

मी उठले. दारापाशी त्याने विचारलं, वहीत आता किती माणसं आहेत?

मी सांगितलं नाही.

४

नवीन शुभ्रधाराचा हिशेब बघतो. बाबांकडे शिकलेला. तक्रारीवर सही त्याची. तो कंपनीत भेटायला तयार नव्हता. पांझरेकाठच्या देवळाबाहेर, दिवसाढवळ्या, गर्दीत भेटू म्हणाला.

मला वाटलं होतं तो उर्मट असेल. तो सारखा मागे बघत होता.

‘‘ताई, मी सरांचा गुन्हेगार आहे,’’ तो म्हणाला, ‘‘पण तुम्हाला वाटतंय तेवढा नाही.’’

चार हजार गाठींबद्दल मी विचारलं नाही आणि त्यानेही काढलं नाही. मी तक्रारीबद्दल विचारलं. तक्रार सोळा डिसेंबरची. तिच्यात स्पष्ट मागणी होती की वहीच्या कागदाचं वय तपासावं. पण बाबांच्या डायरीप्रमाणे नवीनने वही पाहिली वीस डिसेंबरला. न पाहिलेल्या वहीचा कागद नवा आहे, हे चार दिवस आधी कसं कळलं?

नवीनने रुमालाने मान पुसली. मसुदा वरून आला होता. संचालक मंडळाकडून, टाइप केलेला. त्याने फक्त सही केली. मग झोप लागेना, म्हणून वीस तारखेला तो बाबांकडे गेला की निदान वही डोळ्यांनी पाहावी. पाहिली, आणि कागद खरंच नवा होता. त्याला वाटलं, सरांनीच केलं. मग त्याला बरं वाटलं.

‘‘बरं वाटलं?’’

‘‘हो. मी एकटाच खोटा नाही, असं वाटलं.’’

हे ऐकताना मी नजर खाली वळवली. त्याला वाटलं असेल, तिरस्काराने.

नावं किती होती, हे मी त्यालाही विचारलं. वहीतली त्याने मोजली नव्हती. लेखात तेवीस होती. कंपनीने त्या लेखाच्या तीन प्रती काढल्या होत्या. मसुदा पाठवणारं संचालक मंडळात कोण, ते तो सांगेना. म्हणाला, पाच जण आहेत, पाचही मोठी माणसं, त्यातलं एक तर तुमच्या घरचंच.

५

घरचं माणूस म्हणजे सुलक्षणामावशी. बाबांच्या कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. दोन गल्ल्या सोडून घर. बाबा कुठलाही लेख आधी तिला देत आणि ती पेन्सिलीने दुरुस्त्या करून परत करी. बाबांनी तिचा सल्ला मोडल्याचं तिला आठवत नव्हतं, मलाही नाही. निवृत्तीनंतर शुभ्रधाराने तिला स्वतंत्र संचालक म्हणून घेतलं होतं. त्याआधी तिने याच कंपनीवर एक अभ्यास छापला होता: खानदेशातली घरगुती कंपनी शेअरबाजारात जाऊनही नफा फुगवत नाही, त्याचं उदाहरण. तो अभ्यास अजून वर्गात शिकवतात.

म्हणूनच बाबांनी आपला लेख तिला आधी दाखवला होता. आई म्हणाली होती, अहो, ती त्यांची माणूस आहे. बाबा म्हणाले, ती आपली माणूस आहे, तिला बाहेरून कळायला नको.

बाबा गेल्यावर तिने संचालकपदाचा राजीनामा दिला. रोज संध्याकाळी खिचडीचा डबा घेऊन येई. आईचे केस विंचरून देई. तिच्यावर संशय घेताना मला स्वतःची लाज वाटली. नोकरीच्या भीतीने नाव काढून घेणारा रविंद्र, सही करणारा नवीन, आणि आईच्या डोक्याला तेल लावणारी ही.

तरी प्रश्न तिघांना विचारायचा होता. ती आईजवळ बसली असताना मी सहज विचारलं, मावशी, वही तुझ्याकडे होती तेव्हा नावं किती होती गं?

‘‘बावीस,’’ ती म्हणाली. ‘‘का?’’

‘‘असंच. फेरविचाराचा अर्ज लिहितेय.’’

‘‘बावीसच. आकडे मी विसरत नाही.’’ मग म्हणाली, ‘‘समी, अर्ज कशाला करतेस? आधारचं नाव पुन्हा चारचौघांत कशाला काढायचं?’’

तिच्या हातातली फणी आईच्या केसांत तशीच होती.

६

बावीस म्हणजे काय, ते एकच माणूस सांगू शकत होता. समितीने तोतारामला बोलावलं होतं, पण जिनने कळवलं की तो काम सोडून गेला. तो गुजरातेत कडी गावाकडच्या कुठल्या तरी जिनमध्ये होता, नेमका पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. मी पत्ता शोधला नाही. मार्च उजाडेपर्यंत थांबले. ज्या गोष्टीवर बाबांनी अख्खा लेख उभा केला होता तिच्यावर मीही भरवसा ठेवला: भोंगऱ्याला पावरा माणूस घरी येतो.

शिरपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी, सकाळी अकराला बाजार फुलला होता. ढोल, गुळाच्या जिलेब्या, चांदीच्या साखळ्या. तोताराम नव्या शर्टात होता आणि त्याने मला ओळखलं ते बाबांच्या नाकावरून.

परिषदेने अहवालासोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. मी त्या पुढे केल्या. त्याने एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं आणि परत दिली.

‘‘ही मन्ही वही नई शे.’’

मी विचारलं, कशावरून? त्याने बिडी बाजूला ठेवली आणि मातीत बोटाने दाखवलं. तो नाव लिहीतच नाही. त्याला तेवढं लिहिता येत नाही. उभी रेघ म्हणजे पूर्ण दिवस, आडवी म्हणजे अर्धा, आणि प्रत्येक माणसाची आपली खूण: कोणाचा बाण, कोणाचा मासा. कोण कोणाचं, ते बाबांनी तीन दिवस त्याच्याशेजारी बसून उतरवून घेतलं होतं. झेरॉक्समध्ये सुबक अक्षरात बावीस नावं होती, आणि होळीच्या दिवसांपुढे ‘निरंक, निरंक, निरंक’.

‘‘माणूसच नई तं मी काय लिखू?’’ तो म्हणाला. ‘‘त्या दिनले मी बी भोंगऱ्याले व्हतू. वही घरमा.’’

माणसं किती होती, विचारलं.

‘‘तेवीस. बाईले धरीसन तेवीस.’’

बाई पलीकडेच बांगड्या भरत बसली होती. झुंबरबाई, साठीची, हसरी. तिची खूण चंद्रकोर. तुमचं नाव या वहीत नाही, असं मी सांगितल्यावर तिला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, ‘‘मन्हं नाव कोठे ऱ्हास?’’ मग मात्र आठवून गंभीर झाली. मास्तरच्या कागदावर होतं. मास्तरने स्वतः वाचून दाखवलं होतं, शेवटचं. वर म्हणाले होते, अक्का, तू शेवटी आहेस पण तू नसलीस तर बाकीचे बावीस फुकट.

दोघांनी धुळ्याला यायचं कबूल केलं. झुंबरबाईने गाडीभाडं आधी मागितलं.

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते. वही बनवणाऱ्याला तोतारामच्या खुणा वाचता आल्या नाहीत. म्हणजे त्याने खऱ्या वहीवरून नक्कल केली नाही. बाबांच्या लेखातल्या नावांच्या तक्त्यावरून केली. पण तक्त्यात तेवीस नावं होती. मग तेविसावं गेलं कुठे?

७

बाबा कागद टाकत नसत. लोखंडी कपाटात मावशीने तपासून दिलेले सगळे खर्डे होते, तीस वर्षांचे, तारखेवार. शेवटचा होता नऊ डिसेंबरचा, वहीसोबत परत आलेला. मी तो खिडकीशी नेला.

हमालांचा तक्ता. तेविसाव्या ओळीवर पेन्सिलीची सरळ रेघ. समासात मावशीचं टोकदार अक्षर: ‘ही अर्ध्या मजुरीची, भार न उचलणारी. नमुन्यात बसत नाही. वगळावी. संख्या २२ धरावी.’

त्याखाली बाबांचं मोठं, वाकडं, अंदाजाने लिहिलेलं अक्षर होतं. डोळे गेलेल्या माणसाचं अक्षर.

‘ती तिथे होती. राहील.’

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचं ऐकलं नव्हतं, आणि तिला ते कळवलंही नव्हतं. भांडण नको म्हणून असेल.

मी कागद घेऊन बसून राहिले. बाहेर फाटक वाजलं. मावशी डबा घेऊन आली होती. मी दार उघडलं, डबा घेतला, आणि वीस तारखेला फेरविचाराच्या सुनावणीला धुळ्याला येशील ना, असं विचारलं. जाणकार म्हणून तिचं मत समितीला हवं होतं, तसं पत्र मीच मागवलं होतं. ती म्हणाली, आधारसाठी येईन.

त्या संध्याकाळची खिचडी मी खाल्ली. चव चांगली होती. सूड घ्यायचा तर पोट भरलेलं असावं.

८

परिषदेची खोली लहान आहे. लांब टेबल, मागे समितीचे तिघे, कोपऱ्यात सचिव लिहून घ्यायला, आणि टेबलासमोर एक लोखंडी खुर्ची. बाबा तिथेच बसले असणार. भिंतीशी आई, रविंद्र, तोताराम, झुंबरबाई. रविंद्र स्वतःहून आला होता आणि येताना आपलं नाव परत लेखावर घालावं असं पत्र घेऊन आला होता.

मी मावशीला म्हणाले, तू बस, मी उभी राहते. ती त्या खुर्चीत बसली.

तोताराम आणि झुंबरबाईने सांगायचं ते सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, ही वही खोटी हे धरलं, तरी ती तुमच्या वडिलांनी बनवली नाही कशावरून?

मी म्हणाले, तुमच्याच अहवालावरून. वहीत बावीस, लेखात तेवीस. माझ्या वडिलांनी बनवली असती तर स्वतःच्या लेखाला जुळेल अशी बनवली असती. रविंद्रने बनवली असती तर तेवीस असती, ते नाव त्यानेच आणलं होतं. कंपनीत बनली असती तर समोर लेख होता, तेवीसच झाली असती. बावीस लिहील असा माणूस एकच. ज्याच्याकडे वही चार दिवस होती, तक्ता होता, आणि ज्याची खात्री होती की छापताना लेखातही बावीसच राहतील. कारण तसं सांगणारा तोच होता.

मी खर्डा टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी समास वाचला आणि खालची ओळही मोठ्याने वाचली. ती तिथे होती. राहील.

मावशीचा चेहरा मी बघत होते. त्यासाठीच दोन महिने जगले होते. आधी तिथे भीती नव्हतीच. नवल होतं.

‘‘आधारने ती ठेवली?’’ ती म्हणाली. ‘‘मी वगळायला सांगितलं होतं.’’

सचिवांचं पेन तेवढं चाललं होतं. मग तिला आपण काय बोललो ते कळलं. तिने पदर सावरला, पाणी मागितलं. पाण्याचा जग माझ्या हाताशी होता. मी दिला नाही. झुंबरबाई उठली, तिने ग्लास भरून दिला.

मावशीने जे सांगितलं ते फारसं नव्हतं. कंपनीच्या लेखापरीक्षण समितीची ती अध्यक्ष होती, मार्चच्या आकड्यांवर तिची सही होती. न बघता केलेली. सही गेली असती, अभ्यास गेला असता, तीस वर्षांचं नाव गेलं असतं. वही बदलली की लेख परत येईल, आधार चार दिवस रुसेल, आणि संपेल. तो असा जाईल हे तिच्या हिशेबात नव्हतं. तक्रारीचा मसुदा तिनेच पाठवला होता, खरी पानं तिने जाळली होती.

अध्यक्ष म्हणाले, पहिला निर्णय रद्द करतो, लेख छापला जाईल, पुढची कारवाई होईल. आईने डोळे मिटले. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तिचा आवाजसुद्धा कापत होता.

तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

‘‘एक विचारू, समी? कागद इतका उघड नवा होता की नवीनला अर्ध्या तासात कळला, त्याने मंडळाला सांगितलं होतं. तू ग्रंथपाल. त्या रविवारी तू घरी होतीस. आधार म्हणाला होता मला फोनवर, समीला वही दाखवून घेतो, मगच नेतो.’’ तिने ग्लास टेबलावर ठेवला. ‘‘तुला दिसलं असेल. तू बोलली असतीस तर तो वही घेऊन आलाच नसता. मग का नाही बोललीस?’’

नाही दिसलं, असं म्हणता आलं असतं. त्या संध्याकाळी खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि त्यातला एक गेला होता. तिच्याजवळ पुरावा नव्हता. अध्यक्ष म्हणालेही, हा प्रश्न गैरलागू आहे, उत्तर द्यायची गरज नाही. सचिवांनी पेन खाली ठेवलं.

‘‘लिहून घ्या,’’ मी त्यांना म्हणाले. पण बोलताना बघत होते आईकडे.

‘‘मला दिसलं होतं. पानं नवी होती, दोरा नवा होता. बाबांनी विचारलं, सगळी आहेत ना, तर मी आहेत म्हणाले. मला वाटलं, त्यांनीच बनवलीय. यांनी वही बदलली, समितीने दुसऱ्या दिवशी त्यांना खोटं म्हटलं. पण आई, त्याच्या आदल्या संध्याकाळी, त्यांच्यासमोर बसून, सगळ्यात आधी त्यांना खोटं धरलं ते मी.’’